यंत्राची नाडी कोण पाहणार?

आयसीयूच्या बाहेर बाकावर बसायची वेळ कुणावर येऊ नये. पण ती बहुतेक घरांवर कधी ना कधी येतेच. डबा, पाण्याची बाटली, औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी आणि सोबतीला घरातलं एक बाईमाणूस, हे चित्र जळगाव काय, धुळे काय, सगळीकडे सारखंच. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं आत सोडतात. आत गेल्यावर आपण आधी आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो आणि लगेच नजर जाते ती उशाशी असलेल्या त्या टीव्हीसारख्या डब्याकडे. हिरवी रेघ उड्या मारत असते, आकडे वरखाली होत असतात. त्यातलं आपल्याला फारसं काही कळत नसतं, तरी सगळा जीव त्या रेघेत गुंतलेला असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावससासूबाई एका खासगी दवाखान्यात भरती होत्या. मॉनिटर सारखा वाजायचा. सिस्टर यायच्या, बटण दाबायच्या, आवाज बंद. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. शेजारच्या खाटेवरच्या आजी न राहवून विचारायच्या, "माय वो, हाई काय वाजी राह्यनं?" आमच्या पोटात गोळा. दुपारची संध्याकाळ झाली तेव्हा खांद्याला बॅग लावलेला एक मुलगा आला. त्यानं एक वायर काढली, दुसरी लावली आणि रेघ सरळ सुतासारखी चालू लागली. पलंगाच्या कठड्यात सापडून सापडून ती वायर आतून तुटली होती. हृदयाला काहीच झालं नव्हतं.

मैत्रिणींनो, मला आज त्या बॅगवाल्या मुलाबद्दल बोलायचंय. खरं म्हणजे, त्या जागी तुमच्याआमच्या घरातली एखादी मुलगी का नसावी, याबद्दल.

रेघ कुठून येते?

छातीवर चिकटवलेल्या गोल पट्ट्या म्हणजे इलेक्ट्रोड. हृदयाचा प्रत्येक ठोका अगदी क्षीण वीज निर्माण करतो, साधारण एक मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळात जो सेल घालतो त्याचा दीड हजारावा भाग समजा. एवढीशी वीज वायरमधून मॉनिटरपर्यंत जाते, तिथे ती मोठी केली जाते आणि पडद्यावर रेघ उमटते. बोटाला लावलेला चिमटा लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवतो आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतो. ही युक्ती १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधली. करोनाच्या काळात तो चिमटा घराघरात पोहोचला, आणि नेमकं त्याच वर्षी, २०२० मध्ये, ते वारले.

आता टेलिमेट्री. शब्द मोठा आहे, पण अर्थ साधा, दुरून मोजणे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पेशंटला डॉक्टर थोडं चालायला सांगतात. वायरींनी पलंगाला बांधलेला माणूस चालणार कसा? म्हणून मोबाइलएवढी एक डबी त्याच्या गाऊनच्या खिशात ठेवतात. इलेक्ट्रोडच्या वायरी त्या डबीला जोडलेल्या असतात. डबी रेडिओलहरींनी रेघ पाठवत राहते, छतातले अँटेना ती पकडतात आणि सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर आठ-दहा-सोळा पेशंटच्या रेघा एकाच वेळी दिसतात. मोठ्या हृदयरोग रुग्णालयांत ही सोय असते. बाकी ठिकाणी खाटेजवळचे मॉनिटर वायरने किंवा वायफायने मधल्या पडद्याला जोडलेले असतात, नाहीतर नुसते एकेकटे असतात.

कल्पना मात्र जुनी आहे. हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइन्थोव्हन यांनी १९०५ मध्ये दवाखान्यातल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेतून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत नेला होता. यंत्र इतकं अवजड होतं की ते पेशंटकडे नेणं अशक्य. पुढे अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तेच काम रेडिओने केलं. त्यांचं यंत्र पाठीवर घ्यावं लागे आणि वजन होतं सुमारे ३८ किलो! आज छातीला लावून देतात त्या 'होल्टर'ला त्यांचंच नाव आहे.

खान्देशातलं ऊन आणि अर्थिंग

यंत्र बनवणारे ते बनवतात थंड खोलीचा विचार करून. अनेक मॉनिटरच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं की ४० अंशांच्या वर वापरू नये. आता मे महिन्यातलं भुसावळ आठवा! पारा ४५ च्या आसपास, वीज गेलेली, एसी बंद, जनरेटर चालू होईस्तोवर यंत्र बॅटरीवर. ती बॅटरी तीन वर्षं कुणी तपासलेलीच नसते. जोडीला धूळ. मॉनिटरच्या आतल्या छोट्या पंख्याची जाळी धुळीने गच्च भरली की यंत्र आतल्या आत तापत राहतं.

अर्थिंगची गोष्ट वेगळीच. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० पूर्ण हेलकावे घेते. अर्थिंग नीट नसेल तर हीच पन्नासची थरथर ईसीजीच्या रेघेत शिरते आणि बारीक रेघेऐवजी जाड, केसाळ पट्टा दिसतो. घरात मिक्सर लावला की जुन्या रेडिओत खरखर यायची ना, तसंच. पण हा नुसता दिसण्याचा दोष नाही. यंत्रातून गळणारी वीज पेशंटच्या अंगात जाऊ शकते. ज्या यंत्राचा थेट हृदयाशी संबंध येतो, त्यातून पेशंटकडे जाणारी वीज नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या वर जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे एका अँपिअरचा लाखावा भाग! एवढी बारीक गोष्ट टेस्टरने कळत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, आणि ते चालवणारं शिकलेलं माणूस.

ते माणूस कुठे असतं? बहुतेक वेळा नाशिकला, पुण्याला नाहीतर मुंबईला. फोन केला की 'इंजिनिअर उद्या निघतील' असं ऐकू येतं. उद्याचा परवा होतो. तोवर यंत्रावर 'नादुरुस्त' असा कागद चिकटवून ते व्हरांड्यात ठेवलं जातं, आणि एकदा व्हरांड्यात गेलेलं यंत्र परत आत येणं अवघडच. तालुक्याच्या ठिकाणी तर विचारूच नका.

ही केवळ आपली तक्रार नाही. केंद्र सरकारने २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानातून देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या यंत्रांची मोजणी केली. २९,११५ संस्थांमध्ये ७,५६,७५० उपकरणं निघाली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. वेगवेगळ्या राज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के बंद पडलेली होती. त्यावरून देखभालीचा एक कार्यक्रमच सुरू झाला. जिल्हा रुग्णालयातली उपकरणं ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालय पातळीवरची ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के वेळ चालू असली पाहिजेत, असं उद्दिष्ट ठरलं. कागदावर उत्तमच. पण यंत्र चालू ठेवतो तो माणूस, उद्दिष्ट नव्हे.

करोनात हे सगळं उघड्यावर आलं. व्हेंटिलेटर आले, मॉनिटर आले, खोकी आली. ती जोडणारे, चालवणारे, बिघडली तर उघडणारे हात मात्र त्या खोक्यांत नव्हते. काही व्हेंटिलेटर सदोष असल्याचा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्हे याच खंडपीठाच्या कक्षेत येतात. त्याच वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. ती बातमी वाचताना ज्या बाईचा घास अडकला नसेल अशी बाई महाराष्ट्रात नसेल. वॉर्डातली वीज आणि यंत्रं रोज कुणीतरी जाणत्या डोळ्यांनी पाहायला हवीत, हे तेव्हा पुन्हा कळलं.

एकशे सात गोष्टी

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंजिनिअर लोकांचं काम. मलाही तसंच वाटायचं. पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली, ती वाचण्यासारखी आहे. गरीब साधनांच्या ११ देशांतल्या ६० रुग्णालयांमधल्या यंत्रदुरुस्तीच्या नोंदी त्यांनी तपासल्या. बंद पडलेल्या २,५२९ उपकरणांपैकी १,८२१, म्हणजे ७२ टक्के, परदेशातून एकही सुटा भाग न मागवता पुन्हा चालू झाली होती. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बंद उपकरणांपैकी ६६ टक्के चालू करायला फक्त १०७ कौशल्यं पुरेशी होती. वीज, यांत्रिक जोडण्या, पॉवर सप्लाय, नळजोडणी, मोटारी, आणि यंत्र बसवणं व वापरणाऱ्याला ते नीट शिकवणं, एवढ्या सहा विषयांतली मूलभूत कौशल्यं!

एकशे सात! पुरणपोळी धड यायला त्याहून जास्त लागत असतील.

मग मॉनिटर आणि टेलिमेट्री दुरुस्त करायला शिकणारी मुलगी नेमकं काय शिकते? सुरुवात मल्टिमीटर आणि सोल्डरिंगपासून होते. वायर आतून तुटली आहे का हे पाहायचं, वाकवून-हलवून पुन्हा पाहायचं, कारण सरळ ठेवली की जोडलेली आणि वाकवली की तुटलेली अशा लबाड वायरी पुष्कळ. त्यातही खुबी आहे. झटका देणाऱ्या यंत्रापासून मॉनिटर वाचावा म्हणून ईसीजीच्या बऱ्याच केबलमध्ये मुद्दाम सुमारे एक हजार ओहमचा रोध घातलेला असतो. नवशिक्या माणसाला मीटरवर तो दिसतो आणि त्याला वाटतं केबल खराब. चांगली केबल कचऱ्यात!

मग रंग. वायरींच्या रंगांच्या दोन पद्धती जगात आहेत. युरोपच्या पद्धतीत उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला काळा. अमेरिकन पद्धतीत उजव्या हाताला पांढरा, डाव्या हाताला काळा, डाव्या पायाला लाल, उजव्या पायाला हिरवा. म्हणजे लाल वायर एकीकडे हाताची, दुसरीकडे पायाची. एकाच वॉर्डात दोन कंपन्यांचे मॉनिटर असले आणि वायरींची सरमिसळ झाली की रेघ उलटीसुलटी दिसते आणि नसलेलं दुखणं दिसायला लागतं. आपण साडीला मॅचिंग फॉल शोधताना जेवढं लक्ष देतो, तेवढंच इथे लागतं, एवढंच.

राजस्थानातल्या तिलोनिया गावच्या बेअरफूट कॉलेजमध्ये अक्षरओळख नसलेल्या आज्यासुद्धा रंगांच्या खुणेवरून सौर दिव्यांची सर्किटं जोडायला शिकतात. आपल्या मुली तर दहावी-बारावी झालेल्या!

नंतर येतो 'सिम्युलेटर', म्हणजे खोटा पेशंट. छोटीशी डबी असते. ती मॉनिटरला सांगते, माझे ठोके मिनिटाला ८० आहेत. मॉनिटरने ८० च दाखवले पाहिजेत. मग ती ठोके एकदम बंद करते. मॉनिटर ओरडला पाहिजे, आणि वेळेत ओरडला पाहिजे. रक्तदाबाच्या पट्ट्यातून हवा गळते का, पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, चिमट्याच्या आतला लाल दिवा मंद झालाय का, यंत्रातलं घड्याळ बरोबर आहे का, हे सगळं ठरावीक मुदतीने तपासायचं आणि वहीत लिहायचं. ती वही फार मोलाची. कुठलं यंत्र दर उन्हाळ्यात बिघडतं, हे वहीच सांगते.

टेलिमेट्रीच्या डबीची दुखणी निराळी. पेशंट घरी गेला, डबी कपाटात गेली, सेल आतच राहिले. महिन्याभराने सेल पाझरतात आणि पत्र्यांवर पांढरा-हिरवा गंज चढतो. अनेक डब्यांत छातीवरच्या वायरीच अँटेनाचंही काम करतात. त्यामुळे स्वस्तातली भलतीच वायर लावली की रेघ दिसते खरी, पण पेशंट चार पावलं लांब गेला की गायब. लिफ्ट, जिना, एक्स-रेची शिसं लावलेली खोली, संडास, इथे लहरी अडतात. म्हणून शिकाऊ मुलीला डबी स्वतःच्या खिशात घालून सगळ्या वॉर्डभर फिरायला लावतात, आणि दुसरी पडद्यासमोर बसून कुठे रेघ तुटते ते लिहिते. दोन डब्यांना चुकून एकच चॅनल दिला तर काय होईल, याचा विचार करून बघा.

बाहेरच्या लहरीही घात करतात. २७ फेब्रुवारी १९९८ ला अमेरिकेतल्या डॅलस शहरात एका दूरचित्रवाणी केंद्राने नवं डिजिटल प्रक्षेपण करून पाहिलं आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयातले टेलिमेट्रीचे पडदे बंद पडले. दोघांच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या होत्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर २००० मध्ये तिथल्या सरकारने रुग्णालयांसाठी वेगळे पट्टे राखून ठेवले.

आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावून सांगतात, काय उघडायचं नाही. झटका देणाऱ्या यंत्रात, म्हणजे डिफिब्रिलेटरमध्ये, प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज साठलेली असू शकते. तिथे हात घालायला वेगळं प्रशिक्षण लागतं. 'मला येतं' म्हणणारा माणूस या कामात धोक्याचा.

सारखं वाजणारं यंत्र

मावससासूबाईंच्या त्या वाजण्याकडे परत येते. यंत्र उगाच वाजत राहिलं की सिस्टरचे कान सरावतात. लांडगा आला रे आला, अशी गत. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला होता की साडेतीन वर्षांत अलार्मशी संबंधित ९८ घटना तिच्याकडे नोंदल्या गेल्या आणि त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावले. त्याच इशाऱ्यात असंही म्हटलं होतं की ८५ ते ९९ टक्के अलार्मना प्रत्यक्षात काही करावं लागत नाही. सुकलेला इलेक्ट्रोड, सैल चिमटा, तुटकी वायर! म्हणजे पाच-दहा रुपयांची पट्टी वेळेवर बदलणं हेही जीव वाचवणंच.

यंत्राने सगळं होतं असंही नाही. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयातून एक वृद्ध रुग्ण महिला बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. सगळा जिल्हा हादरला होता. खिशातली डबी संडासातल्या पेशंटचीही रेघ दाखवू शकते, पण तुटलेली रेघ पाहून 'आजी कुठे गेल्या' म्हणत उठणारं माणूस हवंच. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात यंत्राइतकाच वेळ सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशींना समजावून सांगण्यात जातो.

मुलींनी इथे का यावं

या कामात आज मुलगेच जास्त दिसतात. पण बाळंतिणीच्या वॉर्डात, बायकांच्या आयसीयूत मॉनिटर तपासायला परका मुलगा आला की आपल्याकडच्या बायका पदर घट्ट धरून बसतात. इलेक्ट्रोड नीट लागलाय का, हे मग धड कुणीच बघत नाही. मुलगी असेल तर ही अडचण राहत नाही. बायकांची बोटं नाजूक म्हणून त्यांना हे काम जमतं असं कुणी म्हटलं की मात्र मला राग येतो. जमतं ते शिकल्यामुळे.

वाट फार अवघड नाही. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा ट्रेडही देशातल्या काही आयटीआयमध्ये शिकवतात. दहावीनंतरच तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय आहे. बाहेरगावी ठेवायची तयारी असेल तर यवतमाळला मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतन आहे. बारावी विज्ञाननंतर बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी आहेच, पण त्यासाठी मुंबई-पुण्याकडे जावं लागतं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय घेतला. आपल्या मुलीचा अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाच्या वेळी खिडकीवर विचारून घ्या, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

खरं शिक्षण मात्र अप्रेंटिसशिपमध्ये, वॉर्डातच होतं. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय दोन्ही जिल्ह्यांत खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आणि कितीतरी हृदयरोग रुग्णालयं. इलेक्ट्रॉनिक्स झालेल्या मुलीने तिथल्या बायोमेडिकल विभागात जाऊन 'शिकाऊ म्हणून घेता का' विचारायला काय हरकत आहे? देखभालीची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांनाही स्थानिक माणूस हवाच असतो. नाशिकहून माणूस पाठवण्यापेक्षा अमळनेरची, पारोळ्याची मुलगी त्यांना परवडते.

रात्रपाळीचं काय, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि तो रास्त आहे. देखभालीचं ठरलेलं काम दिवसाच होतं. तातडीची हाक मात्र रात्रीही येते. नोकरी घेताना रात्री न्यायला-सोडायला गाडी मिळेल का, हे स्पष्ट विचारावं, लेखी घ्यावं. पगार सुरुवातीला फार नसतो, हेही सांगून ठेवते. पण हाताला आलेलं कसब लग्नानंतर गाव बदललं तरी सोबत येतं. मॉनिटर सुरतेला असो की नागपूरला, वायर तशीच तुटते.

आणि तुमच्यापैकी कुणाला उद्या-परवा आयसीयूत जावं लागलंच, तर एवढं करा. पेशंटच्या बोटावर नेलपॉलिश असेल तर पुसा, गडद मेंदी असेल तर सिस्टरला सांगा, हात गार असतील तर चिमटा लावण्याआधी चोळून गरम करा. मॉनिटरच्या प्लगवर मोबाइलचा चार्जर लावू नका. वायरींवर डबा, पिशवी ठेवू नका. अलार्म वाजला तर स्वतः बटण दाबू नका, सिस्टरला हाक मारा. तोच अलार्म पुन्हा पुन्हा वाजत असेल, तर 'वायर तपासायला कुणाला बोलावलंय का?' असं शांतपणे विचारा. मॉनिटरच्या मागच्या बाजूला छोटी चिकटपट्टी असते, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि पुढची केव्हा, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. नसेल, तर तेही विचारा.